फरशी पाहावी की छत?
फ्लॅटच्या किमतीमागचे बांधकाम

विकायला निघालेला फ्लॅट पाहायला दोघे जातात. एक घेणारा आणि दुसरा त्याने सोबत नेलेला ओळखीचा गवंडी. दार उघडताच घेणाऱ्याची नजर खाली जाते. फरशी कुठली, ओटा ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा, हे तो पाहतो. गवंडी वर बघतो. मग न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला तळहात लावतो, खिडकीतून वाकून बाहेरचे पाइप पाहतो आणि निघताना जिन्यातल्या खांबाच्या कोपऱ्यावर नाण्याने दोन-चार ठिकाणी टकटक करतो.

आता एक कोडे. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये तीस वर्षे जुन्या एका सोसायटीत दोन फ्लॅट विकायचे आहेत. मजला एकच, क्षेत्रफळ एकच. पहिल्यात नव्या टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, ताजा रंग. दुसऱ्यात जुनी मोझॅक, हॉलच्या भिंतीवर ओलीचा डाग, न्हाणीच्या दाराची चौकट खालून कुजलेली. दुसरा पाच लाखांनी स्वस्त. भाड्याने देण्यासाठी घरे घेणारे मुरलेले लोक दुसऱ्याचा भाव आधी विचारतात आणि पहिल्याच्या फॉल्स सीलिंगकडे संशयाने पाहतात. असे का?

कारण दोष डोळ्यांत किती भरतो आणि तो काढायला किती पैसे लागतात, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. भाव मात्र बहुतेकदा दिसण्यावर ठरतो. बैलबाजारात जाणता शेतकरी झूल आणि शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो. इमारतीचे दात आणि खूर कुठे असतात, ते पाहू.

एका किमतीत दोन वस्तू

फ्लॅटची किंमत आपण एका आकड्यात बोलतो, पण त्या आकड्यात दोन वस्तू असतात. एक म्हणजे जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा, दुसरी म्हणजे त्या जमिनीवरचे बांधकाम. जमीन झिजत नाही. गाव वाढले, रस्ता झाला, स्टेशन जवळ आले की ती महागते. बांधकाम मात्र ताबा मिळाल्या दिवसापासून म्हातारे होऊ लागते. शासनाच्या रेडी रेकनरमध्ये खुल्या जमिनीचा दर वेगळा असतो आणि जुन्या इमारतीचे मूल्य काढताना वयानुसार घसारा धरला जातो, तो याचमुळे.

सोसायटीच्या आदर्श उपविधींतही हा भेद आहे. सिंकिंग फंडाची किमान वर्गणी वर्षाला ०.२५ टक्के, आणि तीही जमिनीची किंमत वगळून, निव्वळ बांधकाम खर्चावर. हिशेब करून पाहा. १९९४ साली एखाद्या फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख रुपये नोंदला असेल, तर किमान दराने वर्षाला ५०० रुपये जमतात. तीस वर्षांत १५,००० आणि वर व्याज. खांब-तुळयांची मोठी दुरुस्ती निघते तेव्हा खर्च आजच्या मजुरीने आणि आजच्या सिमेंटच्या दराने होतो. सोसायटीने वेळोवेळी वर्गणी वाढवलेली नसेल, तर फंड पहिल्या महिन्यातच संपतो आणि उरलेले पैसे सभासदांच्या दारात येतात.

गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याला याचा अर्थ असा: समजा फ्लॅट ६० लाखांचा आहे आणि भाडे महिना १५,००० मिळते. वर्षाचे १ लाख ८० हजार, म्हणजे तीन टक्के. घर घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी सोसायटीने दुरुस्तीसाठी घरटी तीन लाख मागितले, तर वीस महिन्यांचे भाडे गेले. हे तीन लाख जाहिरातीत दिसत नाहीत, दलाल सांगत नाही, खरेदीखतात लिहिलेले नसतात. ते खांबावर लिहिलेले असतात.

सळई गंजते कशी?

आरसीसी इमारत दोन गोष्टींच्या जोरावर उभी असते. दाब काँक्रीट झेलते, ताण सळई झेलते. उघडी सळई पावसात पंधरा दिवसांत तांबडी होते, मग काँक्रीटमधली सळई पन्नास वर्षे कशी टिकते? ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश असल्यामुळे ते तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ च्या घरात असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो आणि गंज रोखला जातो.

पण काँक्रीटला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि अल्कधर्म मारत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. पृष्ठभागापासून आत सरकणारी ही रेषा सळईपर्यंत पोहोचली, तिथला पीएच ९ च्या खाली आला, की संरक्षक थर नाहीसा होतो. मग थोडी ओल मिळाली तरी गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. तेवढी जागा आत नसते, म्हणून तो बाहेरचे काँक्रीट ढकलतो. आधी सळईला समांतर बारीक भेग पडते, मग आतून पोकळी होते, आणि एक दिवस ढलपा खाली येतो. खांब ठोकताना गवंडी हीच पोकळी ऐकत असतो. भरीव काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते.

कार्बोनेशनची रेषा एकसारख्या वेगाने सरकत नाही. तिची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा मिलिमीटर जायला दहा वर्षे लागली, तर वीस मिलिमीटर जायला चाळीस लागतात. म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला साइटवर सगळे ‘कव्हर’ म्हणतात, ते वीसऐवजी दहा मिलिमीटर राहिले तर सळईची सुरक्षित वर्षे निम्मी होत नाहीत, पावपट होतात. स्लॅब भरताना सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक सरकले, किंवा ठेवलेच नाहीत, की एवढा फरक पडतो.

दुसरा फरक पाण्याचा. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला, पाणी-सिमेंटचे प्रमाण निम्मे धरले तर, पंचवीस लिटर पाणी लागते. माल पातळ असला की पटकन पसरतो, म्हणून एखादी बादली जास्त पडते. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. हवा आणि ओल आत शिरायला तीच वाट.

समुद्राजवळ तिसरा शत्रू आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईवरचा थर थेट फोडते. कार्बोनेशनची वाट पाहत नाही. म्हणून आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानासाठी किमान २० मिलिमीटर कव्हर आणि एम-२० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे, तर किनाऱ्यासारख्या तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर आणि एम-३०. त्याआधीच्या, १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे आरसीसीला एम-१५ चालत असे. मुंबईत समुद्रालगतची एखादी ऐंशीच्या दशकातली इमारत आणि पुण्यातली त्याच वयाची इमारत कागदावर समवयस्क असतात. सळयांच्या दृष्टीने नसतात.

रेषा कुठवर आली आहे, हे पाहण्याची चाचणी अगदी साधी आहे. तज्ज्ञ खांबाचा एक छोटा तुकडा फोडून ताजा भाग उघडा करतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. जिथे अल्कधर्म शिल्लक आहे तिथे काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होते. जिथे तो संपला आहे तिथे रंग चढतच नाही. गुलाबी भाग सळईच्या बाहेरपर्यंत पसरला असेल तर अजून वर्षे हातात आहेत. सळईभोवतीच रंग आला नाही, तर वरून रंग मारून किंवा गिलावा करून काही उपयोग नाही.

कोणती भेग रंगाची, कोणती पैशांची?

भेग दिसली की लोक घाबरतात, किंवा पुट्टी भरून विसरतात. दोन्ही चुकीचे. भेगेची दिशा आणि जागा पाहावी.

गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकताना आक्रसल्यामुळे पडतात. विटांची भिंत जिथे तुळईला किंवा खांबाला भिडते, तिथे सरळ रेषेत भेग असते. वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून ती पडते. सांध्यावर जाळी बसवून गिलावा केला की काम भागते. हा रंगाचा खर्च.

खांबाच्या कोपऱ्यालगत उभी, सळईच्या रेषेत गेलेली आणि तांबूस पाझर असलेली भेग म्हणजे वर सांगितलेला गंज. तुळईच्या टोकाजवळ, खांबाला जिथे ती टेकते तिथे, तिरकी भेग असेल तर इंजिनिअरला बोलावल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. भिंतीत विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग बहुतेकदा पाया खचल्याचे सांगते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीवर बांधलेल्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये ती नेहमी दिसते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पायाला दरवर्षी वर-खाली करते. प्लॉट घेतानाही हे लक्षात ठेवावे. शेजारशेजारच्या दोन प्लॉटांचा भाव एक असला, तरी ज्यात मीटरभरावर मुरूम लागतो आणि ज्यात तीन मीटर काळी माती आहे, त्यांच्या पायांचा खर्च एक नसतो.

भेग जिवंत आहे की जुनीच आहे, हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहितात, किंवा भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. काच तडकली तर हालचाल चालू आहे.

आपल्या फ्लॅटमध्ये सगळे ठीक असले तरी तळमजल्याला एक फेरी मारावी. दुकान किंवा दवाखाना मोठा करताना मधला खांब कुणी कापला, तुळई कुणी छिन्नली, याचा भार वरच्या सगळ्यांवर येतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचाच प्रश्न पुढे आला होता.

पाणी शिरते एकीकडे, दिसते दुसरीकडे

जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंग करून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी बसवतात. फरशीचे सांधे उघडले किंवा नहाणी ट्रॅपचा जोड सुटला, की पाणी कोब्यात मुरते. तिथे ते महिनोन्‌महिने साचू शकते आणि मग सोयीच्या वाटेने, कदाचित दोन मीटर लांब, खालच्या घरात उतरते. म्हणून डाग जिथे आहे तिथे वॉटरप्रूफिंग करणे हा पैसे वाया घालवण्याचा हमखास मार्ग आहे.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न म्हणजे डाग कुणाच्या खिशातला? आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम. शेवटच्या मजल्यावर गच्चीच्या पाण्याने खराब झालेले छत आणि गिलावाही त्यातच येतो. न्हाणी, संडास किंवा सिंकमधून दोन घरांत होणारी गळती मात्र त्या-त्या सभासदांची. त्यामुळे शेवटच्या मजल्यावरचा हातभर डाग भाव पाडून घ्यायला उपयोगी पडतो आणि त्याचा खर्च सगळी सोसायटी वाटून घेते. उलट खालच्या शेजाऱ्याच्या छतावरचा वीतभर डाग आपल्या खात्यावर येतो, आणि तो आपल्या फ्लॅटमध्ये दिसतही नाही. घर पाहून झाल्यावर खालच्या मजल्यावरची बेल वाजवून दोन मिनिटे बोलावे ते यासाठी.

घर पाहायचे तर पावसाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये भिंती कोरड्या असतात आणि रंग ताजा असतो.

नव्या इमारतीत हप्त्यांचे गणित

नवे घर घेताना भिंत वाचायला इमारतच नसते; तिथे कामाचा क्रम वाचावा लागतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी विकासक दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महारेराच्या आदर्श करारनाम्यात पुढचे टप्पे आहेत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. म्हणजे सांगाडा उभा राहीपर्यंत सत्तर टक्के पैसे गेलेले असतात.

सांगाडा भराभर चढतो. भिंती, गिलावा, नळ, वीज, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ही कामे रेंगाळतात. म्हणून ‘अठरावा स्लॅब पडला’ या बातमीवर खूश होण्याआधी सातव्या मजल्यावर भिंती आल्या का, ते पाहावे. पैसा नीट फिरत असलेल्या साइटवर वर स्लॅब चढत असतानाच खाली भिंती आणि गिलावा मागोमाग येत असतात. वर नुसते स्लॅब आणि खाली सगळे उघडेबोडके असेल, तर हप्ता मिळवून देणारे कामच आधी उरकले जात आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. महारेराच्या संकेतस्थळावर विकासकाला दर तिमाहीला प्रगती नोंदवावी लागते. तो तक्ता आणि साइट शेजारी ठेवून पाहावी.

बांधकामाची पद्धतही विचारावी. हल्ली अनेक उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यांत बांधतात. साइटवर याला मायवान म्हणतात. यात भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटचे ओतले जातात. काम वेगाने आणि सुबक होते, पण या भिंती भार उचलतात. पुढे दोन खोल्या जोडून एक मोठी करायची किंवा स्वयंपाकघर उघडे करायचे ठरले, तर भिंत तोडता येत नाही. दहा वर्षांनी विकताना गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारणार.

आणि नवे म्हणजे मजबूत, हे गृहीत धरू नये. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. तिचे वय जेमतेम दहा वर्षांच्या आसपास होते. रेरामुळे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामातला दोष विकासकाने तीस दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ही मुदत संपायच्या आधी एकदा इंजिनिअरकडून घर तपासून घेणे हा स्वस्तातला विमा आहे.

ऑडिटचा कागद

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारक आहे. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता खांब-तुळयांची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

अहवाल हातात आला की शेवटचे पान सोडून चाचण्यांची पाने उघडावीत. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. तो सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली असेल, तर आत पोकळी किंवा तडे असल्याची शंका घेतात. कार्बोनेशनची खोली आणि कव्हर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. पहिला दुसऱ्याच्या जवळ गेला असेल, तर दुरुस्ती लांब नाही. मग अंदाजपत्रकातला आपला वाटा काढून तो विक्रेत्याच्या भावातून वजा मागावा. सोसायटीने ऑडिट केलेलेच नाही, असे उत्तर आले, तर तेही एक उत्तरच आहे.

मोडकी इमारत, चांगला सौदा?

इथे एक उलटा प्रकार संभवतो. सी-१ झालेल्या इमारतीतला फ्लॅट कधीकधी चांगल्या इमारतीतल्या फ्लॅटपेक्षा फायद्याचा ठरतो. बांधकामाची किंमत शून्यावर आली, तरी जमिनीचा हिस्सा शिल्लक असतो, आणि पुनर्विकासात तोच हिस्सा नव्या घराच्या रूपाने परत मिळतो. पण त्यासाठी काही गोष्टी जुळाव्या लागतात. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झाले आहे का? समोरचा रस्ता किती रुंद आहे? प्लॉटवर अजून किती चटईक्षेत्र वापरायचे शिल्लक आहे? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तेवढे एकमत सोसायटीत आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर अडले, तर आपण पडकी इमारत विकत घेतली, आणि भाडे बंद करून वाट पाहत बसलो.

बांधकामाच्या ज्ञानाला याच्या पलीकडे मर्यादा आहेत. मेट्रो कुठून जाईल, कंपनी कुठे येईल, भाडेकरूंची वर्दळ कुठे राहील, हे खांब ठोकून कळत नाही. ज्याला बांधकाम कळते त्याला आणखी एक मोह असतो: भाड्याच्या घरात स्वतःच्या घरासारखे काम करून घेण्याचा. इटालियन मार्बलने भाडे तेवढे वाढत नाही. गळती थांबली की भाडेकरू मात्र टिकतो. सुरुवातीच्या कोड्यातल्या दुसऱ्या फ्लॅटचा खर्च ओल, चौकट आणि रंग एवढाच निघाला, तर पाच लाखांतले बरेचसे हातात राहतात. पहिल्याच्या फॉल्स सीलिंगमागे काय आहे, हे विक्रेता एक पॅनेल काढून दाखवायला तयार असेल, तर तोही घेण्यासारखा असू शकतो. त्याने नकार दिला, तर पुढचा फ्लॅट पाहायला निघावे.

चौकट: घर पाहायला जाताना

• छत, खांबाचे कोपरे आणि तुळयांची टोके आधी पाहा. फरशी आणि ओटा शेवटी.
• खांब नाण्याने ठोका. बद्द आवाज आणि तांबूस पाझर एकत्र दिसले तर इंजिनिअर बोलवा.
• गिलाव्यातल्या बारीक भेगांना घाबरू नका. सळईच्या रेषेतल्या उभ्या आणि तुळईजवळच्या तिरक्या भेगांना भाव द्या.
• खालच्या मजल्यावर आणि तळमजल्यावर जाऊन या.
• सोसायटीकडून शेवटचा ऑडिट अहवाल, सिंकिंग फंडाची शिल्लक आणि दुरुस्तीच्या ठरावांची प्रत मागा.
• कन्व्हेयन्स आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते कागदावर पाहा.
• नव्या प्रकल्पात स्लॅब मोजू नका. स्लॅबच्या मागे भिंती किती आल्या, ते मोजा.
• येणाऱ्या दुरुस्तीतला आपला वाटा किती महिन्यांच्या भाड्याएवढा आहे, हे काढूनच भाव बोला.